स्वतःच्या वापरासाठी

संस्थेला एक ज्येष्ठ संशोधक हवा होता आणि तो हवाच, यावर सगळ्यांचं एकमत होतं. एकमत तिथेच संपलं.

संस्था धोरणांचा अभ्यास करणारी, विचाराने डावीकडे झुकलेली, आणि एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाच्या वर भाड्याच्या चार खोल्यांत थाटलेली. बैठकीच्या खोलीतलं टेबल मुद्दाम गोल करून घेतलेलं होतं, म्हणजे कुणी मुख्य जागी बसलंय असं वाटायला नको. सगळे सारखे. फक्त खुर्च्यांमध्ये एकीलाच हात होते आणि ती संचालकांची आहे असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. ती आपोआप रिकामी राहायची.

संचालकांनी उभी हयात घरांच्या प्रश्नावर काढलेली. भाडेकरूंच्या हक्कांवरचं त्यांचं पुस्तक वकील वापरायचे, मोर्चेवाले वापरायचे, आणि विरोधी बाजूचे लोकसुद्धा शिव्या घालण्यापुरतं का होईना, उघडायचे. पण आता वय झालं होतं, डोळे दुखत होते, आणि आकडेवारीचं दळण दळायला कुणीतरी तयारीचं माणूस पाहिजे होतं. देणगीदारांनी पगाराची सोय केली होती. उरली होती ती फक्त जाहिरात.

जाहिरातीचा मसुदा संचालकांनी एका बैठकीत वाचून दाखवला. "ज्येष्ठ संशोधक हवे" या पहिल्याच ओळीवर ठराव मॅडमनी हात वर केला. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. संस्थेतल्या या तरुण अभ्यासक बाई कुठल्याही गोष्टीवर ठराव मांडत, म्हणून मागे सगळे त्यांना ठराव म्हणत, आणि समोर मॅडम.

"ज्येष्ठ म्हटलं की कनिष्ठ आलं," त्या म्हणाल्या. "आपण उतरंडीच्या विरोधात आहोत ना?"

"मग काय म्हणायचं?" संचालकांनी विचारलं.

"अनुभवी सहप्रवासी."

तो ठराव मंजूर झाला, कारण चहा आला होता. जाहिरात गेली. आठ दिवसांत जे अर्ज आले त्यातले निम्मे पर्यटन कंपन्यांत काम केलेल्यांचे होते. एकाने तर डोंगराळ भागात मोठी बस चालवण्याचा परवाना जोडला होता. पुन्हा बैठक बसली, मुकाट्याने ज्येष्ठ हा शब्द परत घेतला गेला, आणि दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी अर्ज केला. आपण ज्येष्ठ नागरिक असून दुपारचा वेळ मोकळा असतो, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

शेवटी गाळून गाळून दोन नावं राहिली आणि मुलाखतीचा दिवस ठरला. समितीत चौघे होते. संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे एक वयोवृद्ध निवृत्त प्राध्यापक, ज्यांच्या कानातलं यंत्र त्यांना नको असलेलं काही ऐकू येऊ लागलं की बंद पडायचं. संचालक. ठराव मॅडम. आणि कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून हिशेबनीस. हिशेबनिसांना या समितीत का घेतलंय हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते येत, चष्मा पुसत आणि बसत.

पहिला उमेदवार विद्यापीठातला नामांकित माणूस. अध्यक्षांनी त्याला सहज म्हणून विचारलं, "घर म्हणजे तुमच्या मते काय?" गृहस्थ गुहेपासून सुरू झाले. चहा आला तेव्हा ते शेतीच्या शोधापाशी होते. कप परत गेले तेव्हा कारखाने नुकतेच सुरू होत होते. हिशेबनिसांनी आपल्या कागदावर त्यांच्या नावापुढे फक्त 'लांबण' असं लिहिलं, आणि पुढे ते नाव त्यांना कायमचं चिकटलं. जाताना लांबण म्हणाले की संस्थेत रोज येणं त्यांच्या चिंतनाला मानवणार नाही, आठवड्यातून दोनदा जमेल.

दुसरी उमेदवार एक चाळिशीची बाई होती. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, पायात चालून झिजलेल्या चपला. पालिकेच्या घरपाहणी खात्यात बारा वर्षं काढलेली, नंतर एका प्रकल्पावर काम केलेलं, आणि तो प्रकल्प संपल्यामुळे आता मोकळी. ती बसली आणि संचालकांना दोन मिनिटांत कळून चुकलं की आपण शोधत होतो ते माणूस हेच.

"भाड्याच्या कायद्यात सगळ्यात मोठी फट कुठे आहे, असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी विचारलं.

"कायदा नकाराचा विचार करतो," ती म्हणाली. "मालकाने दुरुस्तीला नकार दिला तर काय करायचं हे त्यात आहे. पण मालक नकार देतच नाहीत. 'बघू', 'माणूस पाठवतो', 'जरा पाऊस ओसरू दे' म्हणतात. मी जेवढ्या घरांत गेले तेवढ्या घरांत मला 'नाही' म्हणणारा मालक भेटला नाही. होकार आणि नकार यांच्यामध्ये माणसं वर्षानुवर्षं राहतात, आणि त्या जागेला कायद्यात नावच नाही."

संचालकांना आपल्या पुस्तकात हे वाक्य नाही याचं वाईट वाटलं. ठराव मॅडम भराभर लिहून घेत होत्या. हिशेबनिसांनी पुसायला काढलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. अध्यक्षांचं यंत्रसुद्धा चालू होतं.

"आम्हाला विचारायचं ते झालं," संचालक हसून म्हणाले. "तुम्हाला काही?"

"विचारायचं नाही, सांगायचं आहे. अर्जात त्याला जागा नव्हती." तिने पिशवी मांडीवर घेतली. "सर माझे घरमालक आहेत."

अध्यक्षांनी कानाशी हात नेला. "काय म्हणाल्या?"

हिशेबनीस त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "सर यांचे घरमालक आहेत."

आता संचालकांची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांच्या नावावर घर होतं, हे खरं. टपाल कचेरीमागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या. पण ते त्यांनी घेतलं नव्हतं. त्यांची बायको दातांची डॉक्टर, दवाखाना जोरात चालणारा, आणि घर तिच्या कमाईचं. कागदावर दोघांची नावं, एवढंच. भाडेकरू शोधणं, करार, किल्ल्या सगळं तीच बघायची. संचालक तिथे कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. घर भाड्याने दिलेलं आहे हे त्यांना माहीत होतं, पण एखाद्याला आपल्याला पित्ताचा खडा आहे हे माहीत असावं तसं. दुखत नाही तोवर विषय काढायचा नाही.

"मला कल्पना नव्हती," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"मलाही करारावरचं तुमचं फक्त नाव माहीत होतं. म्हटलं, एकाच नावाची माणसं असतात. मग गेल्या आठवड्यात घर सोडायची नोटीस आली, त्यावर तुमची सही होती. तीच सही तुमच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली छापलेली आहे."

"नोटीस?" ठराव मॅडमनी मान वर केली.

"हो. दोन महिन्यांची. कारण दिलंय, स्वतःच्या वापरासाठी."

"सर," ठराव मॅडम हळूच म्हणाल्या, "स्वतःच्या वापरासाठी म्हणजे ते तुमच्या पुस्तकातलं..."

"चौथं प्रकरण," उमेदवार बाई म्हणाली. "खोट्या कारणांचं. फार चांगलं लिहिलंय. मी दोनदा वाचलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हीच पंचाईत होती. असता तर संचालकांना रागावता आलं असतं. ते हात असलेल्या खुर्चीत बसून राहिले, आणि खुर्चीचे हात त्यांना त्या दिवशी भारी लांब वाटले.

संध्याकाळी दवाखाना आटोपून बायको घरी आली, तोवर संचालक पडवीत येरझारा घालत होते.

"तू त्या भाडेकरूंना नोटीस दिलीस?"

"मी कुठे, आपण दिली. तुझी सही आहे." तिने पर्स ठेवली, पंखा लावला. "न्याहारीच्या वेळी कागद पुढे केला तर वर न बघता केलीस. नोकरीच्या अर्जांतलं कुठलंसं नाव खोडत होतास."

"मी वाचलं नव्हतं."

"बाहेर भाषणं करतोस ना, वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून?"

संचालकांनी दुसरीकडून सुरुवात केली. "पण का दिलीस? काय बिघडलं तिचं?"

"बिघडलं काही नाही. बाई सोन्यासारखी आहे. पण भिंतीचं, भिंतीचं करून डोकं उठवलंय तिने. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे म्हणे. निरोप पाठवते तोसुद्धा कसा, मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. मी दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून बसते. संध्याकाळी मला मुद्दे नको असतात."

"मग माणूस पाठवायचास."

"पाठवते म्हटलं होतं की."

संचालक खुर्चीत बसले. "ती आज आमच्याकडे मुलाखतीला आली होती. तिच्याइतकं चांगलं माणूस मिळणार नाही. आणि आता मी कात्रीत सापडलोय. नेमली तर लोक म्हणतील नोटीस झाकायला नेमली. नाकारली तर म्हणतील भिंतीचा राग काढला."

बायको त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. दातदुखी नेमकी कुठल्या दाढेत आहे हे शोधताना ती पेशंटकडे बघायची तशी.

"तू भिंत बघितलीस?" तिने विचारलं.

"नाही."

"मी पण नाही," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. आतून तिचा आवाज आला, "लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा निदान कोरडा पाषाण तरी असतो. आपली तर भिंतही ओली निघाली."

रविवारी सकाळी संचालक टपाल कचेरीमागच्या गल्लीत गेले. का जातोय हे त्यांचं त्यांना धड ठाऊक नव्हतं. माफी मागायला, समजावायला, की नुसतंच बघायला. दार एका म्हाताऱ्या, सडपातळ गृहस्थांनी उघडलं. ते उमेदवार बाईचे वडील. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले मास्तर.

संचालकांनी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "आलात एकदाचे. या, या. आम्ही तर आशाच सोडली होती. चपला असू द्या पायात, आत ओलंच आहे."

"मी..."

"हत्यारं नाही आणलीत? असू दे. आधी बघून घ्या, मग आणा. मागे लेकीनेच बोलावलेला एक जण नुसती हत्यारं घेऊन आला होता, त्याने बघितलंच नाही."

संचालकांना कळलं की मास्तर आपल्याला नळवाला समजतायत. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण मालक आहे असं सांगायला जीभ रेटेना, आणि नळवाला असणं त्यामानाने सोपं वाटलं. ते मुकाट आत गेले.

स्वयंपाकघर लहान, नीटनेटकं. भांडी चकचकीत, आणि सगळी एकाच बाजूला सरकवून ठेवलेली, कारण दुसऱ्या बाजूच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता आणि खालून वर एक काळपट डाग चढत गेला होता.

"हे पाहा," मास्तरांनी पट्टी घेऊन दाखवायला सुरुवात केली. "मागच्या वर्षी हे इथे एक बेट होतं. छोटंसं. मी लेकीला म्हटलंसुद्धा, बेट आहे, चारी बाजूंनी कोरडं. मग हळूहळू मुख्य भूमीला मिळालं. आता ही सामुद्रधुनी बुजली की कपाटापर्यंत सलग खंड होईल."

"पाणी कुठून येतंय?"

"ते तुम्ही सांगायचं."

संचालकांनी घरांमधल्या ओलीचा आरोग्यावर होणारा परिणाम या विषयावर परदेशात निबंध वाचला होता. त्या ओलीला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात लावला. गार होती आणि बोटाला चुन्यासारखं काहीतरी लागलं. मास्तरांच्या आग्रहावरून ते मोरीपाशी आडवे झाले आणि नळाच्या खाली डोकं घालून वर बघू लागले. मास्तर बॅटरी धरून उभे होते. उजेड संचालकांच्या डोळ्यांत पडत होता, नळावर नव्हे.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"मागच्यालाही काहीच दिसलं नव्हतं," मास्तर समजुतीने म्हणाले. "पण तो आडवा झाला नव्हता. तुम्ही मनापासून करताय."

तेवढ्यात दार वाजलं आणि लेक भाजीची पिशवी घेऊन आत आली. मोरीतून दोन पाय बाहेर आलेले तिने पाहिले, मग सदरा, मग तिच्या होऊ घातलेल्या साहेबांचा चुन्याने माखलेला चेहरा.

"बाबा," ती म्हणाली, "हे घरमालक आहेत."

मास्तरांनी बॅटरी विझवली. "मग नळवाला कोण?"

"नळवाला कुणीच नाही," संचालक उठत म्हणाले.

चहा झाला. मास्तरांनी तो बिस्किटांसकट दिला, पण आता ते 'तुम्ही'ला 'साहेब' जोडून बोलू लागले होते आणि भिंतीचा भूगोल बंद पडला होता. संचालकांना ते फार लागलं. नळवाला होते तेव्हा बरं चाललं होतं.

"नोटीस मी मागे घ्यायला लावतो," ते तिला म्हणाले. "भिंतही होईल. आणि नोकरीचं..."

"सर, नोकरीचं इथे नको," ती मध्येच म्हणाली. "भिंत करणार असाल तर भिंत आहे म्हणून करा. मला घेणार असाल तर कामासाठी घ्या. दोन्ही एका पुडीत बांधून देऊ नका. नाहीतर उद्या भिंत गळली तर मला काम वाईट झालं असं वाटेल."

"बरोबर आहे."

"आणि निवड होईपर्यंत तुम्ही समितीतून बाहेर थांबा. तेवढंच मागते."

"नक्की," संचालक म्हणाले. तो शब्द देताना त्यांना मनापासून बरं वाटलं. बाहेर पडल्यावर गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तसंच वाटत राहिलं.

पण समितीच्या बैठकीला ते गेले. म्हणजे झालं असं, की अध्यक्षांनी निरोप पाठवला, चौघे नसतील तर बैठक वैध नाही. मग संचालकांनी स्वतःशी मधला मार्ग काढला, की जायचं पण तोंड उघडायचं नाही. खुर्चीसुद्धा त्यांनी बिनहाताची घेतली. हातांची खुर्ची रिकामीच राहिली, आणि सगळे बोलताना तिच्याकडेच बघत होते.

"उमेदवार उत्तम आहे यात वाद नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण हितसंबंध गुंतलेत. आपल्यासारख्या संस्थेला हे परवडणारं नाही. उद्या विरोधी वर्तमानपत्रं काय लिहितील? तेव्हा आधी हा संबंध तोडला पाहिजे. मालक आणि भाडेकरू, या दोन्हींपैकी एकाने तरी ते असणं थांबवलं पाहिजे."

"मग सरांनी घर विकावं," हिशेबनीस म्हणाले. ते समितीत बोलल्याची ही पहिलीच वेळ.

संचालकांनी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं, पण हे अगदी घशाशी आलं. "घर माझ्या पत्नीच्या कमाईचं आहे. तिला मी विकायला सांगायचं म्हणजे..."

"म्हणजे सरळ सरळ पुरुषी वर्चस्व झालं," ठराव मॅडम म्हणाल्या. "बाईच्या मिळकतीवर नवऱ्याचा हुकूम. याला माझा विरोध नोंदवा."

विरोध नोंदवला गेला. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं, कारण आता एकच वाट उरली होती आणि ती कुणी शोधून काढलीय असं दिसत नव्हतं. ती आपोआप समोर आली होती.

"तर मग उमेदवारांनीच ते घर सोडावं," अध्यक्ष म्हणाले. "रुजू होण्यापूर्वी."

हिशेबनिसांनी बोटांवर मोजलं, मनाशी काहीतरी जुळवलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "रुजू व्हायचंय एक तारखेला. सरांच्या नोटिशीत दोन महिने आहेत. म्हणजे मालकाआधी आपणच त्यांना बाहेर काढतोय."

अध्यक्षांचं यंत्र नेमकं तेव्हा बंद पडलं.

"बाहेर काढतोय असं म्हणू नका," ठराव मॅडम समजावून म्हणाल्या. "आपण त्यांचं स्थलांतर सुलभ करतोय. आणि नुसतं सोडा म्हणत नाही, मदत देतोय. शहरातल्या घरटंचाईवरचा आपला अहवाल त्यांना मोफत द्यावा, असा मी ठराव मांडते."

हात वर झाले. हिशेबनिसांचा हात खालीच राहिला. संचालकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी तटस्थ." हा शब्द त्यांनी पूर्वी इतरांच्या बाबतीत कितीतरी वेळा वापरला होता, कुत्सितपणे. स्वतःच्या तोंडून तो इतका गुळगुळीत निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

उमेदवार बाईला बोलावून निर्णय सांगायचं काम संचालकांवर आलं, कारण हे काम कुणाकडे जावं याचा ठराव झाला नव्हता. ती आली. नेमणुकीचं पत्र, अट, आणि अहवालाची प्रत असं सगळं त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. तिने अट वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"तुम्ही बैठकीला होता?"

"होतो. पण मत दिलं नाही."

"मत दिलं नाही." तिने कागदाची घडी घातली. ती रागावली नव्हती, दमल्यासारखी दिसत होती. "सर, घर सोडून नोकरी घ्यायची तर नव्या घराला मालक असेलच. तोही कुठेतरी कुणाचा तरी साहेब असेल. मी घरात राहते. नोकरी राहू दे."

"थोडा विचार करा. एवढी चांगली जागा..."

"कुठली, घराची की इथली?"

ती उठली, आणि जाताना अहवाल मात्र घेऊन गेली. म्हणाली, बाबांना नकाशे आवडतात, यात दोन चांगले आहेत.

त्या संध्याकाळी संचालकांनी घरी सगळं सांगितलं. आपण तटस्थ राहिलो हेही सांगितलं, कारण बायकोपाशी लपवण्यात अर्थ नव्हता. तिला चेहऱ्यावरून हिरडीतलं कळायचं. तिने ऐकून घेतलं आणि जेवता जेवता हातातला घास तसाच राहिला.

"थांब जरा. माझ्या घरातून माझ्या भाडेकरणीला बाहेर काढायचं ठरवणारे हे कोण?"

"समिती."

"घर कुणाचं?"

"तुझं. आपलं."

"हप्ते कुणी भरले?"

"तू."

"मग काढायची तर मी काढीन, ठेवायची तर मी ठेवीन. गोल टेबलाशी बसून चार माणसं माझ्या घराचे ठराव करणार? मला विचारलं कुणी?"

"तुझ्या मिळकतीवर हुकूम चालवायचा नाही म्हणूनच तर..."

"तू जेव," ती म्हणाली. मग तिने फोन घेतला आणि तिथल्या तिथे निरोप लिहिला. संचालकांनी डोकावून पाहिलं. त्यात लिहिलं होतं: मुद्दा एक, नोटीस रद्द. मुद्दा दोन, गवंडी परवा येईल. मुद्दा तीन, वडिलांना घेऊन दवाखान्यात ये, त्यांच्या खालच्या कवळीचं माप तपासून देते, फोनवर बोलताना त्यांची कवळी वाजते.

गवंडी खरंच परवा आला. भिंत फोडल्यावर कळलं की पाणी नळाचं नव्हतंच, शेजारच्या इमारतीची जुनी नळी आतून पाझरत होती. गिलावा व्हायला चार दिवस लागले आणि शेवटच्या दिवशी नवरा-बायको दोघंही बघायला गेले. बायको आणि भाडेकरीण स्वयंपाकघरात उभ्या राहून बोलल्या. रंग कुठला, खर्चात कुणाचं किती, करार किती वर्षांचा, शेजाऱ्यांना पत्र कोण लिहिणार. चहाला उकळी फुटायच्या आत सगळं ठरलं. संचालक आणि मास्तर बाहेरच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या सामानाच्या मधल्या जागेत, गुडघ्याला गुडघे लावून बसले होते. संचालकांनी आयुष्यभर मालक आणि भाडेकरू यांच्यातल्या वाटाघाटींवर लिहिलं होतं, पण त्या आतल्या बोलण्यात त्यांच्या ओळखीचा एकही शब्द येत नव्हता.

"साहेब, नवी भिंत फार सपाट दिसते," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "पण लेकीसमोर म्हणू नका."

नंतर ती चहा घेऊन बाहेर आली. तिने भाडेकरूंच्या संघटनेत काम धरलं होतं. पगार कमी, कचेरी एका सायकलच्या दुकानामागे, पण रोज माणसं येत होती आणि प्रत्येकाची आपली एक भिंत होती.

"तुमच्याकडे कुणाला घेतलं?" तिने विचारलं.

"ते पहिले होते ना, त्यांनाच. आठवड्यातून दोनदा येतात."

"चांगले आहेत का?"

"अजून प्रस्तावना चालू आहे," संचालक म्हणाले. ती हसली. त्यांनी कप खाली ठेवला आणि घसा साफ केला. "मी त्या दिवशी बाहेर थांबतो असं तुम्हाला म्हटलं होतं. थांबलो नाही. ते चुकलं."

"हो," ती म्हणाली. "चुकलं." आणि तिने त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

परतताना नवरा-बायको चालतच निघाली. उरलेल्या रंगाचा डबा संचालकांच्या हातात होता आणि तो पायाला लागत होता. टपाल कचेरी मागे पडल्यावर बायको म्हणाली, "त्या समितीला कळवलंस का, की नोटीस रद्द झाली आणि ती घर सोडत नाहीये?"

"कळवलं."

"मग?"

"जागा भरली असली तरी अटीचा फेरविचार करायचा म्हणतायत. पुढच्या बैठकीत विषय घेतलाय."

बायको थांबली. त्यांच्या हातातला डबा तिने आपल्या हातात घेतला आणि पुढे चालू लागली.